आबांचा समुद्र

मला पोहता येत नाही. हे चार शब्द मी वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळ नाही आणि मुलीजवळ तर नाहीच नाही. कोल्हापुरात माणसाला स्वयंपाक आला नाही, इंग्रजी आलं नाही तर चालतं. पण पोहता येत नाही म्हटलं की समोरचा आधी तुमच्याकडे आणि मग तुमच्या वडिलांकडे बघतो. माझे वडील, म्हणजे आबा, गारगोटीजवळच्या आमच्या गावात पोहण्याचे मास्तरच होते. गावातल्या दोन पिढ्या त्यांनी विहिरीत ढकलून शिकवल्या. वेदगंगा दुथडी भरली की आबा अलीकडून उडी टाकायचे आणि पलीकडे भलत्याच माणसाच्या रानात निघायचे. आई काठावर उभी राहून त्यांना आणि नदीला, दोघांनाही शिव्या घालायची.

अशा माणसाचा मी थोरला मुलगा.

आमच्या भावकीत पोरांना शिकवायची पद्धत ठरलेली होती. पहिले आठ-दहा दिवस पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा. मग डबा सोडायचा आणि कमरेला दोर लावायचा, दोराचं दुसरं टोक काठावरच्या मोठ्या माणसाच्या हातात. पोरगं दोराशिवाय विहिरीला एक फेरी मारून आलं की बापाने विहिरीच्या काठावर नारळ फोडायचा आणि खोबऱ्याचा तुकडा घरोघरी पाठवायचा. ते खोबरं खाल्लं की गावाने त्या पोराला पोहणारा मानलं. त्यावर पुन्हा कुणी परीक्षा घेत नसे.

माझे डब्याचे दिवस बरे गेले. दोराच्या दुसऱ्याच दिवशी मी बुडालो. आठ वर्षांचा होतो. भर दुपारी विहिरीवर आम्ही दोघेच होतो. वरून हिरवं दिसणारं पाणी आत गेल्यावर काळं असतं हे मला तेव्हा कळलं. नंतरचं थेट पायरीवरचं सांगतो. मी पालथा पडलो होतो आणि आबा माझी पाठ चोळत होते. "घरात काय बी बोलू नगंस," एवढंच ते म्हणाले. आणि संध्याकाळी त्यांनी चक्क नारळ फोडला. पोरगं शिकलं म्हणून सांगितलं. चुलत्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या, आईने दृष्ट काढली, आणि मी खोबरं खाल्लं. आठ वर्षांच्या पोराला ते खाऊ नये एवढं कळतं. तरी खाल्लं.

त्या दिवसापासून आबांनी मला विहिरीवर नेलं नाही आणि मी विचारलं नाही. मास्तरांचंच पोरगं भित्रं निघालं, ती लाज त्यांनी माझ्यासाठी झाकून घेतली, असं मी धरून चाललो. चव्वेचाळीस वर्षं.

खोटं एकदा गावभर वाटलं गेलं की ते परत गोळा करता येत नाही. इचलकरंजीला मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी आवडी विचारल्या आणि माझ्या चुलत्यांनी आधी पोहणंच सांगितलं. लग्न जमलं. मी राजारामपुरीत चष्म्याचं दुकान टाकलं, आणि पाण्याचा विषय निघाला की 'कानाचा पडदा नाजूक आहे, डॉक्टर नको म्हणतात' हे वाक्य तोंडात तयार ठेवायला लागलो. महापुरात आमच्या गल्लीतली पोरं नावांतून लोकांना काढत होती, तेव्हा मी शाळेच्या कोरड्या व्हरांड्यात चादरी वाटत होतो. तेही काम लागतंच. पण मी तिथे का होतो ते मला माहीत होतं.

सगळ्यात मोठी लबाडी मुलीशी केली. ती सहा वर्षांची असताना तिला तलावावर घातलं. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर उभा राहायचो आणि विहिरीवर आबांच्या तोंडून ऐकलेलं सगळं ओरडून सांगायचो. "पाय सरळ! मान ढिली सोड! पाण्याला मारू नकोस, सरकव!" पोरगी झकास शिकली. पुढे शाळेत, कॉलेजात ती सगळ्यांना सांगायची, मला पप्पांनी शिकवलं. ते ऐकताना मला बरं वाटायचं, हे त्यातलं सर्वांत वाईट.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा या मुलीने, आता ती पुण्यात नोकरी करते, मॉरिशसची सहल ठरवली. आम्ही दोघं, ती आणि आबा. आईला विचारलं तर ती म्हणाली, "म्हशींच्या धारा काय तुझा बाप काढणार हाय व्हय?" म्हणजे तिचा नकार. आबा मात्र एका पायावर तयार. सत्त्याहत्तरीला आलेले, दोन वर्षांपूर्वी छातीत स्प्रिंग बसवलेली. डॉक्टरांनी हळू पोहायला हरकत नाही म्हटलं होतं, पण आमची विहीर तोवर गाळाने भरली होती. शिवाय आबांच्या मनात समुद्र होता. मालवणला ते दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा खोल पाण्याकडे निघाले आणि दोन्ही वेळा पाणी गुडघ्याला लागायच्या आत पहारेकऱ्याने शिट्टी मारून हाकललं. "शिट्टी कुणाला मारतंय त्ये? मला?" हे ते अजून सांगतात. निघताना म्हणाले, "ह्या वर्षी जमलं तर जमलं. फुडचं कुणी बघितलंय?"

मुलीने एका दिवसासाठी अख्खी कॅटमरान घेतली. लोकांबरोबरची स्वस्तातली बोट होती, पण आबांनी अट घातली होती की परक्या बायाबापड्यांपुढे चड्डीवर फिरणार नाही. मग खासगी. आम्ही चौघं, बोटीचा कप्तान आणि पाण्यात न्यायला एक बाई.

मी माझी तयारी वेगळी केली होती. पाण्याखालचं बघायला जो चष्मा लागतो, त्यात नंबरच्या काचा बसवता येतात. धंदाच आहे माझा. आबांच्या नंबरचा एक करून घेतला, बायकोचा एक, मुलीला नंबर नाही. माझा उणे साडेसहा. 'एवढ्या नंबरची काच येत नाही' असं मी सगळ्यांना सांगून टाकलं आणि कानाच्या पडद्याला एक जोडीदार मिळाला. बोट किनाऱ्यावरून सुटली तेव्हा मी खरंच निश्चिंत होतो. कॅटमरान म्हणजे दोन होड्या शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यावर ओटा टाकावा तशी बोट. पुढे दोन्ही होड्यांच्या मध्ये जाळं ताणलेलं असतं. त्यावर पालथं पडलं की खाली पाणी पळताना दिसतं. आबा तिथेच पडून होते. "तळ दिसतोय रं! तळ दिसतोय!" असं दर दोन मिनिटांनी मला सांगत होते.

प्रवाळाजवळ नांगर टाकला आणि मुलीने पिशवीतून एक डबी काढून माझ्या हातात दिली. आत चष्मा. उणे साडेसहा. माझ्याच दुकानातल्या कारागिराला गाठून तिने परस्पर मागवला होता.

"काच येत नाही म्हणे! पप्पा, तुमच्याच दुकानात येते की!" ती एवढी खूश होती. "आणि कानात घालायचं मेणही आणलंय. आता बोला."

माझी पाचावर धारण बसली होती.

बाईने आम्हाला समोर बसवलं. तिथल्या भोजपुरीच्या वळणाची तिची हिंदी आम्हाला चांगली कळत होती. ती म्हणाली, पाण्यात जोडीने जायचं, एकट्याने नाही. ज्याला पोहता येत नाही त्याने आत्ताच सांगा, लाजू नका, मला जोड्या लावायच्या आहेत. माझ्या बायकोने पटकन हात वर केला. "मला नाही येत. बुडले तर तुमच्या नावाने बोंब मारेन." सगळे हसले. हात वर करणं इतकं सोपं होतं. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

बाईने बायकोला स्वतःबरोबर घेतलं आणि मुलीला त्यांच्याजवळच राहायला सांगितलं. मग आबांकडे बघून म्हणाली, या वयात आणि छातीचा त्रास झालेला, यांच्याबरोबर तुमच्यातला सगळ्यात चांगला पोहणारा द्या.

"मग पप्पाच," मुलगी म्हणाली. "मलाही त्यांनीच शिकवलंय."

आबा तेव्हा जाळ्यावर उभे होते. पट्ट्यापट्ट्यांच्या नाडीच्या चड्डीवर, अंगाला तेल चोपडून. बाईने दिलेलं फुगीर जाकीट त्यांनी आधी झिडकारलं होतं. "ह्यो डबा हाय. डबा माझा सातव्या वर्षी सुटलाय." मग मुलीच्या हट्टापायी घातलं होतं. मुलीचं वाक्य ऐकलं आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग ते जाकिटाचे पट्टे सोडायला लागले.

"मला न्हाय जायचं."

"का हो आबा?" बायकोने विचारलं.

"भ्या वाटतंय."

पूर आलेली नदी ओलांडणारा हा माणूस सुनेपुढे आणि नातीपुढे म्हणत होता, मला भीती वाटते. चेहरा कोरा ठेवून. नात जवळ गेली, समजूत घालायला लागली. त्यांनी तिला हाताने बाजूला केलं. "लई खोल हाय. मी हितं बसतो, आन् ह्यो बसंल माझ्याजवळ. तुमी जावा."

त्या दोघी आणि बाई पाण्यात उतरल्या. आम्ही बापलेक जाळ्यावर. कप्तानाने घड्याळ दाखवलं, अर्धा तास, मग वारा वाढतो आणि निघावं लागतं. आबा पालथे पडून जाळ्यातून खाली बघत होते. पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचे मासे होड्यांच्या मधून जात होते. त्यांनी जाळ्याच्या भोकातून हात खाली सोडला, पण पाणी खूप खाली होतं. बोटं पोचत नव्हती.

"आबा, तुम्ही जावा की," मी म्हणालो.

"गप बस."

"मी सांगतो त्यांना खरं काय ते."

"आन् पोरगी? तिला काय वाटंल?" ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. "माझं काय, पाणी लई बघितलंय मी."

ते खोटं होतं. हे पाणी त्यांनी बघितलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शिट्टी मारणारं कुणी नव्हतं आणि मध्ये मी बसलो होतो, धडधाकट, दोन्ही कान शाबूत असलेला. मला माझाच इतका संताप आला की मी ताडकन उठलो आणि मुलीला हाक मारली.

"मला पोहता येत नाही!"

तिचं तोंड पाण्यात. फक्त श्वासाची नळी वर. मी पुन्हा ओरडलो. तिसऱ्या वेळी आवाज असा लागला की कप्तानसुद्धा सुकाणू सोडून पुढे आला. मुलीने मान वर काढली, चष्मा कपाळावर सरकवला. बायको रबरी कड्याला धरून तरंगत होती.

"काय म्हणालात?"

"मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. आबांना भीती वाटत नाही. ते माझ्यामुळे बसलेत."

"पंचवीस वर्षं?" बायको म्हणाली. मग, "आणि तो कानाचा पडदा?"

"तोही चांगला आहे."

मुलीने विचारलं, "मग मला शिकवलं कुणी?"

"आबांनी. मी ऐकलेलं सांगत होतो नुसतं."

तिने चष्मा खाली ओढला, तोंड पाण्यात घातलं आणि आमच्याकडे पाठ करून लांब गेली. सरळ पाय, ढिली मान, पाण्याला न मारता. मी बघत राहिलो. ते माझं काहीतरी होतं आणि ते माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. एवढ्या वर्षांत मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. इकडे आबा माझ्यावर भडकले होते. "कुणी सांगितलं हुतं तुला त्वांड उघडाय? मी बोललो हुतो न्हवं?"

बाई तिथेच बायकोला धरून होती, त्यामुळे तिला मुलीमागे जाता येत नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, बरं झालं सांगितलंत, मला आता जोडी बदलता येईल.

मुलगी वळून आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. समुद्राच्या पाण्याने होतात म्हणे. शिडीला धरून ती म्हणाली, "आबा, या. मी आहे तुमच्याबरोबर." माझ्याकडे तिने बघितलं नाही.

आबांनी जाकिटाचे पट्टे पुन्हा आवळले, चष्मा चढवला आणि शिडीकडे न जाता बोटीच्या कडेवर जाऊन उभे राहिले. बाई "बाबूजी, नहीं!" म्हणेपर्यंत त्यांनी उडी टाकलेली होती. जाकिटाने त्यांना बुचासारखं वर फेकलं. ते इतके मोठ्याने हसले की नळी तोंडातून पडली. "खारट हाय!" ते ओरडले. "आयला, खरंच खारट हाय!" सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला कुणी इतके दिवस नुसतं सांगितलं असावं आणि आज पुरावा मिळावा, तसं.

मग ते आणि त्यांची नात एकमेकांच्या शेजारून पाण्यावर पडून सरकत गेले. दोघांचे हात एकाच तालात चालत होते. मधूनच आबांचा हात खाली बोट दाखवायचा. मान वर काढून ते एकदा मला म्हणाले, "निळा मासा! पुऱ्या ढेंगंएवढा!" आणि परत तोंड आत. ती वीस मिनिटं मी कडेला बसून बघितली. माझं तोंड बघणाऱ्या कुणालाही वाटलं असतं की पाण्यात मीच आहे.

नंतर बाईने मलाही उतरवलं. जाकीट, कडं आणि वर तिचा हात. मी शिडीच्या शेवटच्या पायरीला असा चिकटलो की बायको कड्यावर तरंगता तरंगता म्हणाली, "अहो सोडा की, शिडी बुडेल." तोंड पाण्यात घातलं. उणे साडेसहाची काच उत्तम बसली होती, आमचा कारागीर चांगला आहे. खाली पांढरी वाळू, तपकिरी प्रवाळ, आणि पाणी काळं नव्हतं. मी तोंड वर काढलं आणि नळीतूनच रडलो. नळीतून रडता येत नाही नीट, ठसका लागतो.

परतीच्या वाटेवर बायको आणि मुलगी मागे सावलीत होत्या. मुलगी माझ्याशी बोलत होती, पण कामापुरतं. टॉवेल हवा का, पाणी हवं का. हॉटेलवर जाईपर्यंत तसंच चाललं. रात्री जेवताना एकदम म्हणाली, "कोल्हापूरला आल्यावर तुमचं नाव तलावावर घालते. सकाळी सहाची बॅच. मी सुट्टीला आले की काठावर उभी राहून ओरडणार." मी हो म्हटलं. पण ते नंतरचं. बोटीवर आबा आणि मी पुन्हा जाळ्यावर होतो, आता उताणे. त्यांच्या अंगावर मिठाची पांढरी रेघ उमटली होती. ते झोपलेत असं मला वाटलं.

"दोर माझ्या हातात नव्हता," ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही.

"त्या दिवशी. हिरीवर. दोर मी मोटारीच्या पायपाला बांधला आन् बिडी वढाय गेलतो खोलीमागं. तुला वाटतंय तू बुडालास. तू न्हाय बुडाला. म्या बुडवला तुला. गाठ सुटली." ते आकाशाकडेच बघत होते. "दुसऱ्याच्या पोरांचा दोर कवा सोडला न्हाय. तुझा सोडला. मग नारळ फोडला. म्हंजे कुणी इचारायला नको."

आबांना बिडी ओढताना मी कधी बघितलेलं मला आठवत नाही. ती त्या दुपारीच सुटली असणार. चव्वेचाळीस वर्षं मी त्यांचा आभारी होतो, आणि ते माझ्यासमोर मान खाली घालून वावरत होते. विहिरीचं नाव न काढण्याचं कारण दोघांचं वेगळं होतं.

"बिडी वढून आलो तर पाणी गप. बुडबुडंबी न्हायीत," ते म्हणाले. "किती येळ गेलता, मला कळलं न्हाय. आजून कळंना. तुला आठवतंय का रं?"

मला आठवत होतं. त्या काळ्या पाण्यात मी आधी हात मारले, मग आबा म्हणून हाक मारायला तोंड उघडलं, मग पुन्हा हात मारले. आणि शेवटी हात मारायचं सोडून दिलं होतं, तेही आठवत होतं.

"कुठला वेळ?" मी म्हणालो. "मी आत गेलो न गेलो तोवर तुमचा हात आलता की."

आबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"व्हय?"

"व्हय," मी म्हणालो.